उजवीकडचं शेवटचं बटण

माझ्यावर वाळत घातलेला तो टॉवेल जरा उचला, म्हणजे मला मोकळेपणी बोलता येईल. हं, आता बरं वाटलं. मी बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. गिटारवाला तार छेडतो तेव्हा तिचा आवाज मुंगीएवढा असतो. तो वायरीतून माझ्या पोटात येतो आणि मी तो अख्ख्या मैदानाला ऐकवतो. या घरात मला सगळे ‘डब्बा’ म्हणतात. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण दिसतोच तसा.

माझा जन्म नागपूरचा. शालिग्राम नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने जाड प्लायवूडची पेटी ठोकली, तिला काळं रेक्झिन चढवलं, आत एक मोठा स्पीकर बसवला आणि वरच्या कोपऱ्यात, बारीक आवाजांसाठी, एक चिमुकला भोंगा लावला. पुढे तीन गोल बटणं दिली. एक खर्जाचं, एक मधल्या आवाजाचं, एक तीव्र आवाजाचं. “खर्ज पोटात जाते, मधला छातीले लागते, अन् बारीक आवाज दातात,” असं तो गिऱ्हाइकांना समजावायचा.

मी खर्जासाठी जन्मलो आणि त्याचा मला गर्व होता. बारीक आवाजांना मी मनातल्या मनात हसायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार!

मला विकत घेतलं धर्मपालने. भंडाऱ्याकडचा माणूस, रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. लाल झालेल्या सळया तिथे सापासारख्या धावतात आणि करवतीखाली कापल्या जातात. त्या करवतीचा आवाज तो कामावरून येताना कपड्यांबरोबर घरी आणतो की काय, असं मला वाटायचं. गडी मात्र उमदा. बोटं सळईसारखी जाड, पण बेसच्या तारेवर पडली की मऊ पडायची.

छत्तीसगड राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झाली आणि गाव रातोरात बाशिंग बांधल्यासारखं वागायला लागलं. जिकडेतिकडे मंडप, सत्कार, उद्घाटनं. धर्मपालच्या गाण्याच्या मंडळालाही बोलावणी वाढली. मंडळ म्हणजे तीन गडी आणि एक मुलगी. ढोलकीवर गंगाधर, तोच मंडळाचा प्रमुख. कीबोर्डवर यशदीप. बेसवर आमचा धर्मपाल. आणि गाणारी त्याची मुलगी रुचिता, कॉलेजात शिकणारी. एक लक्षात ठेवा: तिन्ही गडी मिलमधले, आणि तिघेही वर्षानुवर्षं त्याच करवतीच्या शेजारी उभे राहिलेले.

एकदा धर्मपाल तात्यापारा वस्तीतल्या वाद्यांच्या दुकानातून दोन पेडलं घेऊन आला. पेडल म्हणजे गिटार आणि माझ्या मधे बसणारी, पायाने दाबायची लोखंडी डबी. एक दाबली की आवाज खरखरीत व्हायचा, जणू गिटारला सर्दी झाली. दुसरी इक्वलायझर. तिच्यावर ओळीने सात सरकती बटणं. डावीकडचं सगळ्यात खोल आवाजाचं, उजवीकडचं शेवटचं सगळ्यात बारीक आवाजाचं. बटण वर सरकवलं की तो आवाज वाढतो, खाली सरकवलं की कमी होतो. वीतभर डब्या, पण तोरा असा की नाकापेक्षा मोती जड. आलेले पाहुणे म्हणून मी सहन केलं.

तेव्हापासून एक गोष्ट घडायला लागली. धर्मपाल तालमीला बसला की म्हणायचा, “आवाज दबून राहिला बे.” आणि उजवीकडचं शेवटचं बटण थोडं वर सरकवायचा. गंगाधर कान देऊन ऐकायचा आणि मान डोलवायचा. “हव, आता खणखणीत झाला!” यशदीपही म्हणायचा, “बढिया.” पुढच्या खेपेला पुन्हा दबलेला वाटायचा, पुन्हा बटण वर. माझं तिसरं गोल बटणही त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं. माझ्या भोंग्यातून सतत सूं सूं येऊ लागलं. तारेवर बोट घासलं तरी पातेलं घासल्यासारखा आवाज व्हायचा. समोर बसलेली लेकरं कानांवर हात ठेवायची. मंडळाला मात्र सगळं खणखणीत.

आता गंमत अशी की माणसाचे शब्द त्याच बारीक आवाजांवर उभे असतात. स, श, ट, च, हे सगळे तिथले रहिवासी. मी तिथे ठाण मांडून कल्लोळ केला की गाणारीचे शब्द जाणार कुठे? रुचिता गात होती आणि मी, माझी इच्छा नसताना, तिच्या तोंडावर हात धरून उभा होतो.

रायपूरजवळच्या अभनपूरच्या कार्यक्रमात ते बाहेर आलं. कार्यक्रम संपल्यावर तिथले एक पुढारी धर्मपालच्या अगदी जवळ येऊन मोठ्याने म्हणाले, “संगीत तो जोरदार था भैया, पर बिटिया क्या गा रही थी, समझ में नहीं आया.”

धर्मपालचं तोंड उतरलं. कारण त्या दिवशी रुचिताने त्याचं स्वतःचं गाणं गायलं होतं. त्याच्या आईवरचं. आईचं नाव शेवंता. रेल्वेच्या रुळांखाली घालायची गिट्टी तिने जन्मभर फोडली आणि पोराला शाळेत घातलं. धर्मपालने आयुष्यात एकच गाणं लिहिलं होतं:

‘शेवंता माझी आई, गिट्टी फोडत राही,
तिच्या हाताला घट्टे, माझ्या हाताला पाटी.’

चौदा एप्रिलच्या जयंतीला राजधानीतल्या मोठ्या मैदानावर हेच गाणं व्हायचं होतं. राज्यभरातून लोक येणार होते.

घरी आल्यावर तो रुचितावर कडाडला. “तोंडातल्या तोंडात काहून गातं तू? मले सोताले एक शब्द समजत नाही! माह्या मायचं गाणं आहे ते, पुटपुटायले नाही दिलं तुले!”

“पापा, मैं तो पूरा खोलकर गाती हूँ,” रुचिता म्हणाली.

“काय? मोठ्यानं बोल!”

“काही नाही,” असं म्हणून ती आत गेली. तिने आईला, सत्यभामाला, सांगितलं की ती जयंतीला गाणार नाही, आणि पुढेही कधी गाणार नाही. सत्यभामाने पोळपाट आपटल्याचं मला ऐकू आलं. मला खरं काय ते माहीत होतं. कोणतं बटण कुठे सरकलंय हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण कोणी काही वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

रविवारी तालीम होती. रुचिता चहा घेऊन आली. दुसरी गाणारी शोधा, हे गंगाधरकाकाला सांगायचं तिने ठरवलं होतं. तिघे रंगात येऊन वाजवत होते. चहा माझ्यावर ठेवायला ती वाकली आणि माझा भोंगा थेट तिच्या कानाशी आला. सूंऽऽ! ती दचकली. तिने खाली पाहिलं. इक्वलायझरची सहा बटणं मधे आणि सातवं छपराला टेकलेलं. कानाला त्रास नको म्हणून तिने ते बोटाने ओढून पार तळाला नेलं.

सूं सूं थांबलं. पातेल्यांची घासाघीस थांबली. कितीतरी दिवसांनी मी माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो, गोल आणि भरदार.

तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

आतून सत्यभामा मात्र पिठाच्या हातानेच बाहेर आली. “काय झालं वो? भूत उतरलं का डब्ब्याचं? कसं गोड वाटून राहिलं!”

रुचिताने बटण वर नेलं. आईने कपाळाला आठ्या घातल्या. खाली आणलं. आठ्या गेल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिघे मिलवाले डोळे मिटून, डोलत, वाजवतच होते. रुचिता बापाकडे बघत उभी राहिली आणि तिचे डोळे भरले. तिचा राग त्या क्षणी गेला, हे मी पाहिलं. ती गंगाधरला काहीच न बोलता आत गेली.

“आई, पापाले ऐकू नाही येत,” ती स्वयंपाकघरात म्हणाली. “बारीक आवाज येतच नाही त्यांना.”

सत्यभामाने हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “आपल्या घरात सारेच वरडतात व माय. शेजारीही वरडतात. मिलवाल्यांच्या घरांच्या लाइनीत हळू कोण बोलते? समजन कसं?”

दुसऱ्या दिवशी धर्मपाल कामावरून आला, जेवला, आणि रुचिताने त्याला माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं. तिने गिटारची वायर काढली आणि माइकची वायर इक्वलायझरमधून मला लावली. डावीकडची बटणं खाली ओढली. उजवीकडची तीन वर चढवली. माझा सगळा खर्ज, माझा सगळा गर्व, तिने बंद करून टाकला. उरला तो कोपऱ्यातला चिमुकला भोंगा.

आणि ती गाऊ लागली. ‘शेवंता माझी आई...’

धर्मपाल खुर्चीत ताठ झाला. त्याच्या आईच्या नावातला श त्याला ऐकू आला होता. मग गिट्टीतला ट. घट्ट्यातला, पाटीतला.

“थांब,” तो म्हणाला. “पुन्हा म्हण.”

तिने पुन्हा म्हटलं.

“असंच गात होती तू? पह्यलेपासून?”

“हव, बाबा.” एरवी ती त्याला पापा म्हणायची.

“म्हणजे तू पुटपुटत नव्हती.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मले वाटे, साऱ्या दुनियेनंच आवाज बारीक केला. सुपरवायझर पुटपुटते, तुही माय पुटपुटते, पाखरं तं गावातून गेलीच असं वाटे. अन् मी तुले बोललो...” रुचिताने माइक खाली ठेवला आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही.

गंगाधरला पटवणं सोपं नव्हतं. “माहे कान ठणठणीत हायेत!” तो गरजला. त्याच्या पाठीमागून रुचिता नेहमीच्या आवाजात म्हणाली, “काका, चहा थंड होऊन राहिला.” गंगाधर धर्मपालकडेच बघत राहिला. दोनदा सांगून झालं तरी चहा तसाच. यशदीप आधी हसला, आणि मग हळूच स्वतःचा कान चाचपू लागला.

जयंतीच्या दिवशी खरखरीचं पेडल घरीच राहिलं. कार्यक्रमाआधी रुचिता मैदानात, खुर्च्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. धर्मपाल तारा छेडत होता आणि तिच्या हाताच्या खुणेवरून एकेक बटण सरकवत होता. अजून खाली, बाबा. अजून. शेवटचं बटण तळाला टेकलं. धर्मपालला आता स्वतःचा बेस रजईत गुंडाळल्यासारखा, मेल्यासारखा वाटत होता. त्याचं बोट बटणावर अडखळलं. एवढ्या लोकांपुढे, आईच्या गाण्याला, जे स्वतःला बरं वाटत नाही ते कसं वाजवायचं? त्याने दूरवर लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने बोट काढून घेतलं.

गाणं सुरू झालं. त्याला शब्द ऐकू येत नव्हते. तो समोरच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायांकडे बघत वाजवत होता. ‘तिच्या हाताला घट्टे’ ही ओळ कुठे येते हे त्याला पाठ होतं. नेमक्या त्या जागी एका म्हातारीने मांडीवरचे आपले दोन्ही हात उलटे केले आणि ती तळव्यांकडे बघत राहिली. मग तिच्या शेजारचीनेही तसंच केलं. शब्द पोचले होते. धर्मपालच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि खर्ज एकदाही चुकला नाही. त्या दिवशी मी जन्माला आल्याचं सार्थक झालं.

आता बरीच वर्षं झाली. मंडळ मोडलं, धर्मपाल रिटायर झाला, माझं रेक्झिन उंदरांनी कुरतडलं. डॉक्टरांनी त्याला कानाचं यंत्र दिलंय, पण ते खाजतं म्हणून तो डबीत ठेवतो. रुचिता लग्न होऊन दुर्गला गेली, तिथे ती शाळेत गाणं शिकवते. दर रविवारी ती फोन करते. धर्मपाल फोनची वायर मला जोडतो, उजवीकडची बटणं वर सरकवतो आणि खुर्ची ओढून बसतो. सासरच्या कागाळ्या अख्ख्या लाइनीला ऐकू जातात, याचं मायलेकींना मुळीच काही वाटत नाही.

घरात माझ्याबद्दल बोलणं चाललंय. खोली लहान, डब्बा मोठा, भंगारवाल्याला देऊन टाकू. बरोबरच आहे. माझी तक्रार नाही, मी पुष्कळ वाजलो. फक्त एक करा. भंगारवाल्याला रविवारी बोलावू नका.