बोलता येतं म्हणून

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळणार, एवढ्यात मुलीनं त्यांना थांबवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबा बरे होऊन घरी येतील का? काका भिंतीला टेकून खाली बघत होता. इतके दिवस डॉक्टरांना तोच भेटायचा आणि ‘बघू म्हणाले’ एवढंच घेऊन परतायचा. आज डॉक्टरांनी मुलीकडे नीट पाहिलं, तिला बाजूला नेलं आणि तिच्या प्रश्नाइतकंच सरळ उत्तर दिलं. औषधं आता फक्त दुखू नये म्हणून चालू होती. फार दिवस हातात नव्हते.

जिना उतरताना काका म्हणाला, “वहिनीला तूच सांग. मला नाही जमायचं. तुला बोलता येतं.”

गेल्या वर्षीपर्यंत हाच काका तिला घुमी म्हणायचा. शाळेत हजेरीलासुद्धा तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग वाचनालयाच्या माडीवर एका बाईंचा संध्याकाळचा वक्तृत्वाचा वर्ग सुरू झाला. बाई एकेकाला उभं करून बोलायला लावायच्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, वाक्य अर्धवट सोडू नका, थांबायला घाबरू नका. घुमी आधी पुटपुटली, मग बोलू लागली, आणि बघता बघता घरातलं सगळं बोलणं तिच्याच गळ्यात पडलं. घरमालकाशी तीच बोलायची, वीज कापायला आलेल्या माणसाशीही तीच.

दवाखान्यातून ती तशीच वर्गावर गेली. आत एक मुलगा पाणी वाचवण्यावर तावातावानं बोलत होता. बाईंनी तिला दारात पाहिलं आणि त्याला खूण करून बसवलं. व्हरांड्यात तिनं सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता.

“आईला कसं सांगायचं, ते शिकवा.”

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “ते मलाही येत नाही गं,” त्या म्हणाल्या. मग वर्ग सोडून तिच्याबरोबर निघाल्या.

आई शिलाई मशीनवर होती. बाईंना पाहून ती उठली, खुर्चीवरचे कपडे उचलून बसा म्हणाली. कुणीच बसलं नाही.

“आई, बाबा... घरी...” मुलीचं वाक्य तिथंच तुटलं. बाईंनी ते पुरं करायला सांगितलं नाही.

आईनं कपडे पुन्हा खुर्चीवर ठेवले. एक घडी उगाच मोडून परत घातली. मग तिनं विचारलं, बाबांना ठाऊक आहे का. मुलीनं नाही म्हणून मान हलवली.

“काका म्हणेल, त्यांनाही मीच...”

“नाही.” आईनं तिला ओढून जवळ घेतलं. “त्यांना मी सांगेन. तू आता काही बोलू नकोस.”

बाईंनी बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतलं. खाली फाटकाशी काका उभा होता. सांगितलं का तिनं, त्यानं विचारलं.

“वर जा,” बाई म्हणाल्या. “बोलू नका काही. नुसते बसा.”