माळाला खत चालत नाही

एप्रिल लागला की प्रभाकाकूंच्या कोटाला ओल्या नारळाचा वास यायचा. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या मराठी मंडळात त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला वाटे, काकू करंज्यांचं सारण परतूनच घरून निघाल्या असाव्यात. पण काकूंना स्वयंपाकाची आवड बेताचीच, आणि तो वास होता गॉर्सच्या पिवळ्या फुलांचा. स्लाऊपासून तासाभराच्या अंतरावर, सरे परगण्याच्या हद्दीत, एक वाळूचा रुक्ष, उंचसखल माळ आहे. त्यावरची ही काटेरी झुडपं वसंतात अंगभर फुलतात आणि उन्हं जरा तापली की त्यांतून खवलेल्या खोबऱ्याचा गंध दरवळू लागतो. काकू दर रविवारी तिथल्या स्वयंसेवकांबरोबर त्या झुडपांत शिरून काम करायच्या आणि कोटाच्या बाहीवरून तो गंध आमच्यापर्यंत आणायच्या.

त्या निवृत्त भूलतज्ज्ञ. अंगानं काटकुळ्या, चालताना किंचित पुढे झुकलेल्या, बोलणं थोडकं आणि सरळ. जन्म माणदेशातला, त्यामुळे इंग्रज ज्याला हीथ म्हणतात त्याला त्या बेधडक माळ म्हणत. या मातीत पाणी थांबत नाही, कस नाही, आणि हे दारिद्र्य हेच तिचं ऐश्वर्य, हे मला त्यांनी शिकवलं. हेदरचं जांभळं, हातभर उंचीचं झुडूप अशा निःसत्त्व वाळूवरच तग धरतं. जमीन थोडी जरी सकस झाली, तरी दांडगं गवत येतं आणि त्याला गिळून टाकतं.

म्हणून काकू उपटत. माणदेशाहून सामानात घालून आणलेलं खुरपं हातात घेऊन त्या वाळूवर बसत आणि पाइनची, बर्चची रोपं, लांब पात्यांच्या गवताचे गड्डे, कुणा जमीनदारानं कधी शोभेसाठी आणलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनचे धुमारे मुळासकट काढत. त्या झुडपाची जांभळी फुलं देखणी, पण त्याच्या सावलीत दुसरं काही जगत नाही. आमच्या मंडळातल्या लोकांना हे रोपं उपटणं ऐकूनच कसंसं व्हायचं. लहानपणापासून आम्ही झाडे लावा, झाडे जगवा हेच घोकत आलेलो.

"आमच्याकडेही वेडी बाभूळ अशीच आणली होती," काकू म्हणायच्या. "हिरवं दिसतंय म्हणून सगळे खूश. आमच्या मेंढरांचं कुरण त्या बाभळीनं बघता बघता खाल्लं."

मी एकदा त्यांना डिवचलं. "काकू, बाहेरून आलेलं उपटायचं म्हटलं तर आपला नंबर कधी?"

"आपण कुणाचं ऊन अडवलं नाही अजून," त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या. "अडवलंस तर सांग, मी येते."

अरविंदकाका, म्हणजे त्यांचे यजमान, या साऱ्यात फक्त बसायला येत. ते स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि गवत कोणतं, हेदर कोणतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. घडीची खुर्ची, थर्मास आणि शनिवारचा पेपर एवढ्यावर त्यांचा रविवार निघायचा. जूनच्या लांबलेल्या सांजवेळी रातवा पक्षी बोलू लागला, की त्याचा तो न थांबणारा घरघरता सूर ऐकून ते दरवेळी म्हणत, "प्रभा, याचं बेअरिंग गेलंय." काकू दरवेळी हसायच्या. आजारपणात शेवटी शेवटी काकांनी एकच मागितलं. गंगा नको, नाशिक नको, माझी राख माळावर टाक.

आणि तेवढंच काकूंना जमेना. राख म्हणजे खत. हाडांची राख तर भारी खत, वर्षानुवर्षं जमिनीत राहणारं. ज्या मातीला त्यांनी उपाशी ठेवून जगवलं, तिला त्या आपल्या हातानं काय भरवणार होत्या? "ह्यांना ठाऊक नव्हतं ते काय मागतायत," एवढंच त्या मला म्हणाल्या. दोन हिवाळे तांब्याचा कलश दिवाणखान्यातल्या फळीवर तसाच राहिला. ग्लासगोहून मुलगा रोहन फोनवर विचारायचा, "आई, बाबाचा लास्ट इच्छा होता ना तो? व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" त्याला मातीचं सांगून काय कळणार, आणि कळलं तरी पटणार कसं? काकू म्हणत, "बघते." मग फोन ठेवून त्या कलशावरची धूळ पुसत.

तिसऱ्या उन्हाळ्यात माळ पेटला. त्या जुलैत आठवडेच्या आठवडे पाऊस नव्हता. कुणीतरी गवतात बार्बेक्यू मांडून, तो न विझवता निघून गेलं. ते लांब पात्यांचं गवत हिवाळ्यात वाळतं, पांढरं पडतं आणि तसंच पसरून राहतं, त्यामुळे ठिणगीला आयती वाट मिळाली. गॉर्समध्ये तेल असतं, ते तर धडाडून जळालं. सरडे, साप, जमिनीवरच अंडी घालणारा तो रातवा, कुणालाच पळायला सवड मिळाली नसावी. मी काकूंना गाडीतून घेऊन गेलो तेव्हा सगळीकडे काळं आणि निःशब्द होतं, आणि पायाखाली कोळशाचा चुरा करकरत होता. काकूंनी वाकून गवताचा एक काळवंडलेला गड्डा चाचपला. मग म्हणाल्या, "हेदर जळतं. गवताचे गड्डे जळत नाहीत. आता आधी तेच येणार, आणि पुढची आग आणखी लवकर लागणार." मला भडभडून आलं. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं.

मंडळानं ठराव केला, काकांच्या स्मरणार्थ जळक्या माळावर वृक्षारोपण. शिवाय प्रत्येकानं घरून कंपोस्टची एक पिशवी आणायची. कुणीतरी फलकावरचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला होता. काकूंना हे सांगायला मलाच पाठवलं. त्या ऐकून इतकं हसल्या की अखेर चष्मा काढून डोळे टिपावे लागले, आणि ते टिपणं बराच वेळ चाललं. मग म्हणाल्या, "उद्या मला परत घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर कलश होता. काकांची खुर्ची जिथे मांडली जायची तो उंचवटा आता एक काळा ढिगारा होता. काकू तिथे बसल्या, कलशाचं फडकं सोडलं आणि पांढुरकी राख त्या काळ्या राखेवर हळूहळू ओतली. "सगळंच जळलंय," त्या म्हणाल्या, "आता ह्यांना एकटं वाटायचं नाही." आयुष्यभर मोजून भूल देणारी बाई त्या क्षणी मोजायचं विसरली होती, आणि मला वाटतं, हे त्यांनाही कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर हेदरचे बारीक, तांबूस कोंब दिसू लागले. आणि त्या उंचवट्यावर गवत आलं. कसं आलं म्हणून सांगू! दाट, पोपटी, तकतकीत, बरोबर सतरंजीएवढं. एरवी हे गवत दिसलं की काकूंचं खुरपं पुढे असायचं, पण त्या तिथे नुसत्या बसून राहायच्या. बरोबरच्या इंग्रज स्वयंसेवकांना राखेचं ठाऊक होतं. ते आजूबाजूचं सारं उपटत, तेवढा भाग सोडून देत. तिथलं काम पाहणारा वॉर्डन भला माणूस, तो म्हणाला, एवढ्यानं काही बिघडत नाही. काकूंनी त्याचे आभार मानले. घरी येताना मला म्हणाल्या, "खोटं बोलला. चांगलं बोलला, पण खोटं बोलला." त्याच्या पुढच्या वर्षी सतरंजीच्या दोन झाल्या होत्या आणि कडेचे हेदरचे कोंब पात्यांखाली पिवळे पडू लागले होते.

त्याच वर्षीचा एक रविवार, सप्टेंबरचं ऊन तिरपं होतं. काकूंनी पिशवीतून खुरपं काढलं. त्यांनी पाती एकदा हातात गोळा केली, वेणी घालताना केस धरतात तशी, आणि हलक्या, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, इथं नको. सरका जरा."

मग त्यांनी पहिला गड्डा उपटला. मी मदतीला वाकलो, तर त्यांनी मान हलवली. सगळं त्यांनी एकटीनं काढलं, मुळांना बिलगलेल्या, राखेनं करड्या झालेल्या मातीसकट, बोटांनी वाळू चाळून चाळून. उपटलेलं गवत माळावर कुजू द्यायचं नसतं, तेही खतच, म्हणून गोणीत भरून ट्रकवर टाकायचं अशी तिथली रीत. बाकीच्यांच्या गोण्या ट्रकवर गेल्या. काकूंनी आपली गोणी माझ्या गाडीत, स्वतःच्या मांडीवर घेतली आणि स्लाऊ येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. वाटेत एकदाच म्हणाल्या, "दोनदा पोचवलं बघ मी ह्यांना."

काकूंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची राख रोहननं ग्लासगोजवळच्या समुद्रात सोडली. त्यांनी तसं बजावूनच ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये कधीतरी मी माळावर जातो आणि तो उंचवटा शोधतो. हेदर क्षितिजापर्यंत एकसारखं फुललेलं असतं, कुठेही डाग नाही, कुठेही खाच नाही, आणि एका बाईनं आपला नवरा नेमका कुठून उपटला, ते मला आता दाखवता येत नाही.