दोराकडच्या मंडळींचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, काथ्याचा. अंगावरून हात फिरवलात तर टोचेन, त्याची आधीच माफी मागतो. दिसायला मी काही खास नाही. पण ठाण्याचा एक फुटबॉल क्लब माझ्यामुळे जन्माला आला. ही फुशारकी नव्हे. बरं, थोडी आहे, पण म्हाताऱ्याला तेवढी चालते.

माझा जन्म खाडीकाठचा. डोरोथीबाई नावाच्या ख्रिस्ती शेतकरणीने नारळाची सोडणं चिखलात कुजवली, बडवली आणि अंगणात बसून मला पीळ दिला. पहिली काही वर्षं मी मिठाच्या मचव्यावर नांगराला होतो. खारं पाणी पिऊन चांगला दणकट झालो. मग रेल्वेच्या साहेबांनी मला विकत घेतलं आणि स्टेशनाजवळच्या आपल्या मैदानाभोवती खांबांना बांधलं.

दर शनिवारी दुपारी साहेब फुटबॉल खेळत आणि मी बघ्यांना अडवून धरी. मिठागरातले, रेल्वेतले, ख्रिस्ती आळीतले, सगळे माझ्यावर पोट टेकून उभे राहत. किती पोटं मी अडवली! काही भरलेली, बरीचशी रिकामी, पण चेंडू जवळ आला की सारखीच थरथरणारी. मला बांधायचं आणि सोडायचं काम डोरोथीबाईच्या लेकाकडे, अँब्रोजकडे होतं. लोकांना 'मागे सरा' म्हणायचं आणि स्वतः मात्र मान लांब करून बघत राहायचं, असा त्याचा खाक्या. जो मला बांधत होता त्यालाच खेळ सुरू झाला की आत जायची मुभा नव्हती. मला याचं फार वाईट वाटे.

पुढे साहेबांनी लोखंडी तार आणली आणि मला कोपऱ्यात फेकलं. अँब्रोजने मला खांद्यावर टाकलं. वाटेत मिठागरातला गुणाजी भेटला. त्याचा आवाज असा की ऐकून खाडीतले बगळे उडावेत.

"काय रं अँब्रोज, म्हशीला बांधतस का काय?"

"म्हशीला नाय. आपुन क्लब काढू. दोन खांबांवर ह्यो दोर ताणला की झाला गोल."

"अरे, पन खेळाया येतंय कोनाला?"

"बघाया येतंय ना? येवढी वर्सं बघतोय आपुन!"

असा तो क्लब निघाला, मित्रांनो. साहेबांचा क्लब खेळणाऱ्यांनी काढला होता, हा बघणाऱ्यांनी काढला. गावाने नाव ठेवलं 'दोराकडची मंडळी', आणि तेच चिकटलं. नुसतं बघून शिकलेला खेळ तो! साहेब मधल्या सुटीत लिंबाच्या फोडी चोखत, म्हणून लिंबू हा नियमच आहे अशी सगळ्यांची खात्री. पहिल्याच दिवशी लिंबू आणायचं राहिलं, तर गुणाजीने लिंबू येईपर्यंत खेळ बंद ठेवला. कडेला उभा असलेला प्रत्येक जण खेळणाऱ्यांना सल्ला देणं हे आपलं कर्तव्य मानी, कारण क्लब त्याचाही होता.

जागा दिली खोपट गावच्या गोदूबाईने. भात कापून झालं की तिचं मोठं खाचर रिकामं पडे. मधोमध एक बुटका बांध होता, आणि त्यावर तिची अट होती. "खेला कितीपन. पन बांधाला हात लावाल तर तंगडी मोडीन." मग काय, मंडळी बांधावरून उड्या मारत खेळू लागली.

अँब्रोजच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. एकदा तरी साहेबांशी खेळायचं, त्यांच्या बरोबरीने आत उभं राहून. धीर करून त्याने त्यांच्या कप्तानाला विचारलं. साहेब आधी हसला, मग तयार झाला. पण त्याने बजावलं, बघे दोराच्या मागे हवेत. एक जरी माणूस मैदानात शिरला, तरी तो आपली माणसं घेऊन निघून जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही.

इथे सगळं अडलं. दोर एकच, म्हणजे मी, आणि बघ्यांपुढे बांधायचा तर अख्खा लागणार. गोलांवर ताणला तर बघ्यांना दोर नाही, बघ्यांपुढे बांधला तर गोलांना माथा नाही. गुणाजीने तोड काढली. "कडेनं मिठाची रेघ मारू. मीठ काय, मी आनतो पाटीभर!"

गोदूबाई कडाडली, "मेल्या, भाताच्या खाचरान मीठ? जलमभर मिठान राहून अक्कल पार खारवली तुजी! मीठ नाय, राख टाका. राखेनं भात तरी बरं येल."

आजवर एकाच गोलावर भागलं होतं, आता दोन हवे होते, म्हणून अँब्रोजने कोयता घेतला आणि मला मधोमध तोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून मी दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडून बघतो. घराघरांतून बायकांनी चुलीतली राख आणली. गोदूबाईने टोपली कमरेवर घेऊन शेताभोवती स्वतःच्या हाताने रेघ ओढली.

साहेब आले. कप्तानाने विचारलं, दोर कुठे आहे? अँब्रोजने वर बोट दाखवलं. साहेबाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी राबलो, पण त्याने माझ्याकडे पाहिलं ते त्या दिवशीच. मग त्याने राखेची रेघ पाहिली, रेघेमागची दाटी पाहिली आणि मान हलवली. हे टिकणार नाही, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

खेळ सुरू झाला. अँब्रोज गोलात, थेट माझ्याखाली. बिचाऱ्याने धडपड पुष्कळ केली, तरी तीन चेंडू माझ्याखालून गेले. आणि मग गुणाजीने बांधाअलीकडून एक लाथ हाणली. चेंडू बांधावर आपटला, विचित्र उसळला, साहेबांचा गोली चुकीच्या बाजूला झेपावला आणि चेंडू मला चाटून गेला. वरून की खालून? मी हेलकावत होतो. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण! सगळं शेत साहेबांच्या कप्तानाकडे बघत होतं. रेघेला अंगठे टेकलेले, पण एकही पाऊल पुढे नाही.

गोली उठला, कपडे झाडले आणि त्यानेच हात वर केला. गोल!

असा ओरडा झाला, मित्रांनो, की माझा पीळ सुटायचाच बाकी राहिला! गोदूबाईच्या हातची टोपली उडाली आणि थेट मैदानात जाऊन पडली. तिने पाय उचलला. अँब्रोजचा चेहरा पांढराफटक पडला. शेत तिचं, टोपली तिची, राखही तिच्या चुलीतली. तिला कोण अडवणार होतं?

गोदूबाईने पाय मागे घेतला. "ऱ्हाऊं दे तिथंच," ती म्हणाली. "खेल झाला की घेन."

सगळे टोपलीकडे बघत असताना साहेबांनी चौथा गोल केला. मंडळी हरली आणि जिंकल्यासारखी नाचली, पण रेघेमागेच. खेळ संपल्यावर कप्तान रेघेच्या कडेकडेने सगळ्या शेताला फेरी मारून आला. राख कुठेच विस्कटली नव्हती. त्याने अँब्रोजशी हात मिळवला आणि पुढच्या शनिवारी आपल्या मैदानावर खेळायला बोलावलं. त्या शनिवारी अँब्रोज तारेखालून वाकून आत गेला. त्याच्या हातात या खेपेला बांधायला काहीच नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गोलांवर लाकडी दांडे आले. माझा एक तुकडा अँब्रोजच्या अंगणात कपडे वाळवतो, दुसरा गोदूबाईच्या गवताचे भारे बांधतो. दोन्हीकडे मी सुखात आहे. फक्त एक काळजी लागली आहे. खेळ बघायला आता पार आंबिवलीहून माणसं येतात आणि क्लबातले नवे लोक म्हणतात, गर्दी फार होते, तो जुना दोर जोडून कडेने बांधू या.

मित्रांनो, हवं तर मला विहिरीवर बांधा, म्हशीला बांधा, उन्हात टाका. पण पुन्हा माणसांच्या पोटाशी बांधू नका. अडवणं म्हणजेच सांभाळणं, असं मला उमेदीत वाटे. स्वतःच्या शेताबाहेर उभी राहिलेली गोदूबाई पाहिली आणि तो भ्रम गेला. चुली अजून पेटतात. राख मागा, घराघरांतून देतील.