पाठ झालेले आकडे

"मास्तर, ही कसली थट्टा?" बाईंनी मुलीचा मरून फ्रॉक उलटा करून टेबलावर टाकला. आतली सगळी शिवण हिरव्या दोऱ्याची होती. शिंपी वाकून बघत राहिला. त्याला दोरा आणि कापड एकाच मातकट रंगाचे दिसत होते. उद्या उसवून नीट करून देतो, म्हणाला, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

एचआयव्हीच्या गोळ्या दहा वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलेल्या. त्यात हा हट्टी टीबी आला, त्याने पहिल्या औषधांना भीक घातली नाही. नव्या गोळ्यांनी थुंकीत जंतू सापडेनासे झाले, तरी भावजय अजून ताट उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे सरायची. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभरात त्याच्याशी डोळ्यांत बघून बोलणारं माणूस एकच, रोज सकाळी घरी येऊन, समोर बसून गोळ्या गिळायला लावणारी दवाखान्यातली सिस्टर.

टीबीच्या नव्या गोळ्यांतली एक डोळ्यांना बाधू शकते, म्हणून ती दर महिन्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडायची. ठिपक्यांत दडलेला आकडा ओळखायचा. पुस्तक तेच, पानं तीच. ठिपके एकमेकांत मिसळू लागले तोवर आकडे त्याला तोंडपाठ झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक काढलं. दोन पानं त्याने धडाधड सांगितली, मग फ्रॉक तिच्यासमोर ठेवला.

"सिस्टर, मला एकही आकडा दिसत नाही. दोन महिने झाले."

तिचा चेहरा उतरला. तिथूनच तिने डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी लगेच बंद झाली. नजर किती परत येईल, बदली गोळी कितपत लागू पडेल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मग मात्र तिने त्याला फैलावर घेतलं. जिवाशी असा खेळ करतात का, लपवलंत कशाला?

गोळी बंद झाली तर मरेन, ही भीती होतीच, असं तो म्हणाला.

"आणि खरं सांगू? आकडा बरोबर आला की तुम्ही शाब्बास म्हणता. मला दुसरं कोण म्हणतं?"

सिस्टरने त्याच्या रिळांच्या खोक्यातून मरून दोरा शोधला आणि सुईत ओवून त्याच्या हातात दिला. तो बोटांनी चाचपत हिरवी शिवण उसवू लागला. तिला पुढच्या घरी जायला उशीर झाला होता. तरी पहिली बाही पुरी होईपर्यंत ती उठली नाही.