बाहीच्या खिशातला चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. हसू नका! लोकांच्या पुढेपुढे करणारा चमचा मी कधीच नव्हतो. मी चव पाहायचा चमचा. खारट ते खारट आणि करपलं ते करपलं, एवढंच मला कळतं.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो चमचे घडले, पण माझं नशीब चांगलं. स्वयंपाकाच्या प्रशिक्षणवर्गात दाखल झालेल्या एका मुलीने मला विकत घेतलं आणि पांढऱ्या कोटाच्या बाहीवरच्या अरुंद खिशात खोचलं. पहिल्याच दिवशी तिचे सर गरजले, "चव पाहिल्याशिवाय एकही ताट बाहेर जाता कामा नये!" तेव्हापासून मला उसंत अशी मिळालीच नाही.

तिच्या घरी फक्त बाबा होते. त्यांचा जन्म पावाच्या भट्टीवर गेलेला. वर्गात शिकलेलं ती संध्याकाळी घरी करून बघायची आणि त्यांच्यासमोर वाटी ठेवून विचारायची, "कसं झालंय?" बाबा डोळे मिटून घोट घ्यायचे. "कांदा घाईत परतलास," असं ते स्पष्ट सांगायचे. माझंही नेमकं तेच मत असायचं. आम्हा दोघांचं छान जमायचं.

परीक्षेत तिला कांद्याचं सूप करायचं होतं. तिने न कंटाळता मंद आचेवर कांदा परतला, दर वेळी मला धुऊन पुन्हा पुन्हा चव पाहिली आणि ती पास झाली. प्रमाणपत्र बाबांनी स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावलं.

"आता ते परीक्षेचं सूप मला करून घाल," ते म्हणाले.

"या रविवारी नक्की, बाबा!"

तिला एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. तो रविवार गेला, पुढचेही गेले. गिऱ्हाइकं तिच्या हाताचं कौतुक करायची आणि मी उगाच फुशारून जायचो. थंडीत बाबा तापाने आजारी पडले, तेव्हाही ती औषधं उशाशी ठेवून कामावर पळाली. त्यांच्यासाठी डब्यात आदल्या दिवशीची भाजी असायची. परक्यांच्या प्रत्येक ताटाची चव मी पाहिली, त्या डब्याची मात्र कधीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका दुपारी हॉटेलातला गॅस बंद पडला म्हणून ती लवकर घरी आली. बाबा जेवत होते. सवयीने तिने मला त्यांच्या भाजीत बुडवलं आणि तिचं तोंडच वाकडं झालं.

"बाबा, ही आंबलीय! खाताय कशी तुम्ही?"

"आंबलीय होय? मला नाही कळलं गं. त्या तापानंतर जिभेची चवच गेलीय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू दमून येतेस. म्हटलं, येईल परत."

कोटही न काढता तिने कांदे चिरायला घेतले आणि मंद आचेवर परतत राहिली. सूप अगदी परीक्षेतल्यासारखं झालं. बाबांनी वाफाळती वाटी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटून घोट घेतला आणि तिच्याकडे पाहून विचारलं, "कसं झालंय गं?"

तिने मला वाटीत बुडवून चव घेतली. "छान झालंय, बाबा," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून रडली.

आता मी घरच्या खणात असतो, बाबांच्या ताटाची चव पाहायला. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी तुमच्या हातचं काही मागितलं, तर त्याला रविवारचा वायदा करू नका. मी आजवर चाखलेलं ते सगळ्यात चांगलं सूप होतं. पण त्याची चव तिला कळली आणि मला कळली. ज्यांनी मागितलं होतं, त्यांना नाही.