न पाहिलेल्या माणसाचा अहवाल

घरात तिला सगळे ताई म्हणत आणि इस्पितळात मॅडम. बारा वर्षं ती तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होती. आईला तो शब्द कधी उच्चारता आला नाही. ती शेजारणींना सांगायची, "डोक्याची डॉक्टर आहे, पण गोळ्या देत नाही." ताईनं हसून सोडून दिलं होतं. पण त्या रविवारी दुपारी आईच्या स्वयंपाकघरात तिला हसू आलं नाही.

धाकटी बहीण चार महिन्यांपासून लेकीला घेऊन माहेरी राहत होती. नवऱ्यापासून वेगळं व्हायचा दावा कोर्टात होता आणि भांडण होतं ते सात वर्षांच्या बिट्टीच्या ताब्याचं.

"वकील म्हणतात, मानसतज्ज्ञाचा अहवाल जोडला तर काम फत्ते," धाकटी म्हणाली. "तू लिही ना. तो संशयी आहे, भडक आहे, पोरीला त्याच्यापासून धोका आहे. दोन ओळींचं काम."

"मी त्याला तपासलेलं नाही."

"अगं, नऊ वर्षं जेवायला येत होता तुझ्याकडे!"

"जेवायला येणं म्हणजे तपासणं नव्हे. आणि तू माझी बहीण आहेस. माझ्या लिहिण्याला अर्थच उरत नाही."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "त्यानं माझ्यासमोर ताट भिरकावलं ते खोटं का?"

"खोटं नाही. मला चीड आहे त्याची. ते तू कोर्टात सांग. हवं तर मी साक्षीला येते, मोठी बहीण म्हणून. पण आजाराचं नाव मला लावता येणार नाही."

आई भांडी विसळत होती. तिनं पाठ न वळवताच म्हटलं, "जगाची दुखणी ऐकायला हिला वेळ आहे. घरचं आलं की नियम आठवतात."

ताईनं कागदावर दोन नावं लिहून दिली. "हे दोघं कोर्टाची कामं करतात. तुम्हा नवराबायकोला भेटतील, बिट्टीशीही बोलतील, मगच लिहितील." धाकटीनं कागद घेतला खरा, पण अशा चेहऱ्यानं की जणू कुणी तिच्या हातात केराची पुडी दिली होती.

तीन आठवड्यांनी ताईच्या खोलीबाहेरच्या बाकावर रुग्णांच्या रांगेत मेहुणा बसलेला दिसला. तो बांधकामावर उंच क्रेन चालवायचा. मोठ्या अंगाचा माणूस, पण त्या दिवशी आक्रसल्यासारखा दिसत होता. त्याचा नंबर आला तसा तो आत आला आणि एक कागद टेबलावर ठेवून उभाच राहिला.

"ताई, हे तुम्ही लिहवून घेतलंत?"

ताईनं वाचलं. पानभर मजकूर होता. 'संशयग्रस्त व्यक्तिमत्त्व... रागावर ताबा नाही... मुलीच्या सुरक्षिततेस गंभीर धोका.' खाली सही होती, ती तिनं दोनदा वाचली. सही सरांची होती. ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली, त्या सरांची.

"यांनी तुम्हाला कधी बोलावलं होतं?"

"तोंडसुद्धा बघितलेलं नाही. तिच्या वकिलानं याची प्रत माझ्या कंपनीत धाडली. मला क्रेनवरून उतरवलं. आता फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहितो." त्याचा आवाज चढला, मग त्यानंच तो खाली आणला. "मी चिडका आहे, कबूल. ताटही फेकलं, लाज वाटते मला. पण वेडा आहे का मी? सांगा तुम्ही."

तोच नियम इथेही आडवा आला. "मी तुमचीही सायकॉलॉजिस्ट होऊ शकत नाही," ती म्हणाली. "पण हे मी लिहवलेलं नाही. तुमच्या वकिलामार्फत कोर्टाकडे रीतसर तपासणी मागा. दोघांचीही." हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. समोर माणूस मोडून उभा, आणि आपल्या तोंडून काय निघतंय, तर 'रीतसर'! तो निघताना तिनं विचारलं, "हा कागद मी ठेवू? मला यावर काही करायचं असेल तर चालेल तुम्हाला?" त्यानं मान डोलावली.

संध्याकाळी ती सरांच्या दवाखान्यात गेली. सरांनी कौतुकानं खुर्ची पुढे केली.

"ये, ये. तुझ्या बहिणीचं काम करून टाकलं बरं का!"

"सर, तुम्ही त्या माणसाला भेटलाच नाहीत."

"तुझी बहीण दोन तास बोलली. म्हणाली, ताईला नात्यामुळे लिहिता येत नाही, म्हणून तिनं तुमच्याकडे पाठवलंय. तुझं नाव आल्यावर मी शंका कशाला घेऊ?"

"मी नाही पाठवलं."

सर हात झटकून म्हणाले, "असो. बाई खरं बोलत होती. इतक्या वर्षांत मला तेवढं कळतं."

"तिचं दुःख खरं असेल, सर. पण आजाराचं निदान तुम्ही त्याचं केलंत. न पाहिलेल्या माणसाचं. तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, जो समोर बसला नाही त्याच्याविषयी पेन उघडायचं नाही. एवढं एकच पत्र द्या की, अहवाल फक्त पत्नीच्या सांगण्यावरून लिहिला आहे."

"आणि माझी नाचक्की करून घेऊ? या वयात?"

"त्याची नोकरी जायची वेळ आलीय, सर."

"तू फार पुस्तकी आहेस," सर म्हणाले आणि पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

जिना उतरताना ताईला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? मानसतज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार करणं हा एकच मार्ग उरला होता. ती पाठवण्याआधी तिनं धाकटीला फोन केला. पाठीमागून वार केल्यासारखं तिला वाटू द्यायचं नव्हतं.

"तू माझ्याविरुद्ध लिहिणार?" धाकटी किंचाळली.

"तुझ्याविरुद्ध नाही. अहवालाविरुद्ध. तू माझं नाव वापरलंस, तेही त्यात येईल."

"तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

"या बाबतीत कुणाच्याच नाही."

"सख्ख्या बहिणीला बाजू नसते? वा!" फोन आपटला गेला. मग आईचा आला. आई नुसती रडली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

परिषदेनं आधी तक्रार परत पाठवली, कारण ती ठरलेल्या नमुन्यात नव्हती. नमुन्यात भरून पाठवली, तर तीन प्रती मागितल्या. तीन प्रती दिल्या, तर अहवालाची मूळ प्रत मागितली, जी कोर्टात होती. ताईनं चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा वेगवेगळ्या माणसानं "साहेब जागेवर नाहीत" असं सांगितलं. इस्पितळात सहकारी तिला टाळू लागले. एका जुन्या मैत्रिणीनं तर तोंडावर विचारलं, "सरांवर? तुला काही वाटलं कसं नाही?" वाटलं होतं. तेच तर कुणाला कळत नव्हतं.

कोर्टानं मात्र साधा प्रश्न विचारला: माणसाला कोणत्या तारखेला तपासलं? तारीख नव्हती. अहवाल बाजूला पडला आणि नव्यानं तपासणी झाली, धाकटीची, तिच्या नवऱ्याची आणि बिट्टीचीही. बिट्टी धाकटीकडेच राहिली. बाप एक रविवार सोडून भेटेल, पहिले सहा महिने तिसऱ्या माणसासमोर, आणि रागासाठी समुपदेशन घेईल, असं ठरलं. कंपनीनं त्याला पुन्हा क्रेनवर चढवलं. परिषदेनं सरांना समज दिली, एका ओळीची. ज्या व्याख्यानमालेला सर दरवर्षी ताईला बोलवत, तिचं पत्र त्या वर्षी आलं नाही.

धाकटीच्या लेखी बापाच्या भेटीचे ते रविवार ताईमुळे गळ्यात पडले होते. सात महिने ती बोलली नाही. ताईला चुकल्याचं वाटत नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त जड जात होतं. चूक असती तर माफी मागून मोकळी झाली असती.

मग एका दुपारी धाकटीचा फोन आला. ना ख्यालीखुशाली, ना प्रस्तावना. "बिट्टी नखं रक्त येईपर्यंत कुरतडते. काय करू?"

ताईनं डोळे मिटले. "मी तिला तपासू शकत नाही गं. मुलांचं काम करणाऱ्या एका चांगल्या बाईंचं नाव देते. त्यांच्याकडे ने."

पलीकडून सुस्कारा आला, वैतागलेला. "माहीत होतं. हेच म्हणणार."

"पण मावशी म्हणून येऊ का? आज?"

फोनवर मागे बिट्टी कुणाला तरी आपला बूट शोधायला सांगत होती.

"ये," धाकटी म्हणाली. "पण मला शहाणपण शिकवू नकोस."