परतीचं पोतं

मुद्रितांच्या गठ्ठ्यावरचं ते गुलाबी रबर… बोटाला दोनदा गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि बोटाचं टोक लालबुंद झालं तेव्हा कुठे सबिहाच्या लक्षात आलं की आपण दहा मिनिटांपासून एकशे बाराव्या पानावरच बसून आहोत.

बाकीची पानं तिनं दोन कप चहात संपवली होती. मधूनमधून एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करत, आणि स्वतःवर खूश होत – खोटं कशाला बोला. तेवीस वर्षांचं सदर, आता पुस्तकात येणारं. नाव ‘पोटली’. लातूरच्या आडत बाजारात पोत्यातून मूठभर माल काढून कापडी पोटलीत घालतात आणि त्या मुठीवर सगळ्या ढिगाचा भाव ठरतो. माझं सदरही तसंच, असं तिनं नांदेडच्या संपादकांना सांगितलं होतं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. आजही नाही. डाळ मिलवाल्यांनी एकदा महिनाभर पेपरच्या जाहिराती बंद केल्या. तिनं त्या महिन्यात चार लेख लिहिले, एकाहून एक झणझणीत. एकच गुणवंत पोरगा तीन क्लासेसच्या तीन फलकांवरून ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून हसतोय, हे तिनं लिहिलं तेव्हा वकिलाची नोटीस आली, आणि ती नोटीसही तिनं सदरात छापून टाकली. लोक चिडले, लोकांनी शिव्या दिल्या, पण वाचलं सगळ्यांनी. मापाड्याची पोरगी फार शहाणी झाली, असं मार्केट यार्डात कुणी म्हटलं की तिची मान आणखी ताठ व्हायची, कारण त्यात अब्बांचं नाव होतं. चांदपाशा मापाडी, तीस वर्षं काट्याशी उभा राहिलेला माणूस. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि शाळा सुटली की यार्ड – तिथं तिच्या तळहातावर तूर ओतून ते म्हणायचे, “हाथ में लेके देख, बेटा. फिर बोल.”

मी हातात घेऊनच पाहिलं होतं, अब्बा. एकशे बाराव्या पानावर तेच तर आहे.

अकरा वर्षांपूर्वी रेणापूर रस्त्यावरच्या शेषेरावांच्या डाळ मिलमध्ये ती न सांगता गेली होती. दाराजवळच्या थप्पीतून तिनं स्वतःच्या हातानं मूठभर डाळ काढली – तुरीच्या डाळीत स्वस्तातली लाखेची डाळ मिसळलेली, लहान पोराला कळावं इतकी उघड. आणि पोत्यांवर कोळशानं मारलेली फुली. यार्डात फुली म्हणजे सौदा झाला, माल विकला. हे तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं, त्यात कुणाला काय विचारायचं? भेसळीचा माल विकला जातोय, फुली मी या डोळ्यांनी पाहिली, असं तिनं लिहिलं. पुढच्या आठवड्यात शेषेरावांचं पत्र आलं, दोनच ओळींचं: ती डाळ मोठी ऑर्डर भरायला बाहेरून घेतली होती, खराब निघाली म्हणून परत पाठवायला वेगळी काढली होती. तिनं ते पत्र छापलं. आणि खाली एकच वाक्य लिहिलं – पोतं परतीचं होतं म्हणे!

काय गाजलं ते वाक्य. यार्डात कुणी खोटं बोलताना सापडला की आजही म्हणतात, व्हय, व्हय, पोतं परतीचं व्हतं. सहा महिन्यांत गिऱ्हाइकं तुटली आणि मिल बंद पडली. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं का? नाही. आपल्या एका वाक्यात एवढी ताकद आहे याचं अप्रूप वाटलं होतं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही.

मग तीन आठवड्यांपूर्वी, किराणा दुकानात धान्य निवडायला बसलेली पंचफुला. पूर्वी शेषेरावांकडे कामाला होती. सहज गप्पांत बोलून गेली, “तवाची फुली तर म्याच मारली व्हती, आपा. मालक म्हनले, परत धाडायच्या मालावर खूण कर. आमच्या मिलात फुली म्हंजी परतीचं.” आणि पुन्हा सुपातले खडे वेचू लागली, जणू काही झालंच नाही.

एवढं एक विचारलं असतं तर. ही फुली कशाची? – तीन शब्द. पण मापाड्याच्या पोरीनं फुली कशाची म्हणून विचारायचं?

तिनं गठ्ठा पिशवीत घातला आणि रेणापूरची एसटी धरली. लेख पुस्तकातून काढून टाकू, पण आधी माणसाला भेटून सांगू, असं वाटेत तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं – किती जण असं सांगायला जातात? ही सवय मेली जाता जात नाही.

शेषेराव आता पिठाची गिरणी चालवतात. सत्तरीचा माणूस, भुवयांवर पीठ. तिला पाहून त्यांनी पट्टा थांबवला. ओळखलं होतं, तरी विचारलं, “दळण हाय का बाई?”

“नाही, शेषेरावजी. सांगायचं होतं… ती फुली परतीची होती. मी विक्रीची समजले. माझं चुकलं.”

त्यांनी हात झटकले. बराच वेळ झटकत राहिले.

“मला काय सांगायलात तुम्ही? मला तवाच ठावं व्हतं.”

“लेखांचं पुस्तक निघतंय. त्यातून तो लेख काढून टाकते.”

“काढू नका,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “काढला तर लोक म्हनतील, बाईनं म्हाताऱ्यावर दया केली. दया नगं मला. माझा सत्यम आडतीवर मुनीम हाय, दोन लेकरांचा बाप हाय, त्याला अजून हाक मारतात, ए परतीचं पोतं, इकडं ये. ते बी काढता का पुस्तकातून?”

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“जिथं लिवलं तिथंच लिवा, पेपरात,” ते म्हणाले, आणि मग, घरी आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही म्हणून असेल, “चहा घेता का?”

चहा तिनं घेतला. त्यांनी तिच्याकडे न पाहता पट्टा पुन्हा सुरू केला आणि त्या आवाजात बोलण्याची सोय उरली नाही.

स्टँडवर लातूरची गाडी लागलेली नव्हती. नांदेडहून प्रकाशनाच्या विशाखाचा फोन आला. “मॅडम, मुद्रितं आज मिळतील ना? आणि एक गंमत – मागच्या कव्हरवर तुमचं ते फेमस वाक्य घेतलंय. मोठ्या टायपात. इतकं भारी दिसतंय…”

“ते थांबव,” सबिहा म्हणाली.

“का? दुसरं कुठलं घेऊ?”

“कळवते.”

“आणि लेख? तो राहू द्यायचा की…”

“कळवते म्हटलं ना, विशाखा.”

फोन ठेवला. बाकावर बसून तिनं मनात पहिलं वाक्य जुळवून पाहिलं – अकरा वर्षांपूर्वी या सदरात… नको, ‘या सदरात’ कशाला, सदर काय स्वतः चालत मिलमध्ये गेलं होतं? अकरा वर्षांपूर्वी मी एका माणसाला… पुढचा शब्द येईना. दुसऱ्यांबद्दल लिहिताना तो शब्द कधी शोधावा लागला नव्हता. यार्डातले चेहरे समोर येऊ लागले: पेपर उघडणारे, एकमेकांना कोपरानं ढोसणारे, मापाड्याची पोरगी आपटली म्हणणारे, आणि म्हणतीलच, का म्हणू नये… अब्बांचं नाव त्यात येईल. ते मात्र तिला सहन होईना. हे काय आहे ते कळायला तिला वेळ लागला, कारण ते तिच्या ओळखीचं नव्हतं. तिला भीती वाटत होती. शुक्रवारची, सदर छापून येतं त्या दिवसाची. पेपरची. पान पाचवर डाव्या अंगाला, वर तिचाच फोटो असलेल्या त्या चौकटीची. शेषेरावांना, डाळ मिलवाल्यांना, त्या क्लासवाल्यांना तेवीस वर्षं असंच होत आलं असणार – शुक्रवारी सकाळी असंच – आणि मी त्याला माझं यश म्हणत आले.

आणि त्या भीतीच्याही तळाशी, लाज वाटावी इतका स्पष्ट, एक जुना अभिमान तिला सापडलाच – की या जिल्ह्यात सबिहा चांदपाशाला घाबरवील असा लेख लिहिणारं, तिच्याशिवाय, दुसरं कुणी नाही.